मापाशिवाय व्हीलचेअर नको

जिल्ह्याच्या ठिकाणी दिव्यांगांना साहित्यवाटप झालं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत आकडे येतात: इतक्या व्हीलचेअर, इतक्या तीनचाकी सायकली, इतकी श्रवणयंत्रं. त्या व्हीलचेअरपैकी किती लहान मुलांना मिळाल्या, त्या मुलांच्या कमरेची रुंदी किती होती आणि खुर्चीच्या बैठकीची किती, हे मात्र कुठेच येत नाही. बहुतेक वेळा ते कुणी मोजलेलंच नसतं. आमचं म्हणणं सरळ आहे. ज्या मुलाचं माप घेतलं नाही, ज्याला खुर्चीत बसवून पाहिलं नाही आणि सहा महिन्यांनी ज्याच्याकडे पुन्हा कुणी गेलं नाही, त्या मुलाला दिलेली व्हीलचेअर सरकारी हिशेबात ‘दिली’ म्हणून धरू नये. आज पुरवठादाराला खुर्ची पोचवल्याचे पैसे मिळतात. ते मूल तिच्यात नीट बसल्याचे मिळायला हवेत.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले आणि त्यांतले सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होते. महाराष्ट्रातली नोंद २९ लाख ६३ हजारांची. यांत बसण्यासाठी आधार लागणारी मुलं वेगवेगळ्या तऱ्हेची आहेत आणि हा फरक समजून घेतल्याशिवाय पुढचं काही बोलता येत नाही. सेरेब्रल पाल्सी (वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे येणारं अपंगत्व) असलेल्या मुलाचे स्नायू ताठर असतात किंवा पार सैल. त्याला स्वतःचं धड आणि मान सावरता येईलच असं नाही. स्पायना बायफिडा, म्हणजे जन्मतः कण्यात फट राहिलेल्या मुलीचे हात बहुधा भक्कम असतात, ती स्वतः चाकं फिरवू शकते, पण कमरेखाली तिला पुष्कळदा स्पर्श कळत नाही. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू क्षीण होत जाणाऱ्या आजाराचा मुलगा सहाव्या-सातव्या वर्षी चालत असतो, बारा-तेराव्या वर्षापर्यंत त्याचं चालणं थांबतं आणि मग पाठीचा कणा झपाट्याने वाकू लागतो. या तिघांना एकाच मापाची, एकाच बनावटीची खुर्ची देणं म्हणजे पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्या वर्गांना एकाच नंबरचे बूट वाटणं.

शिबिरांतून सर्रास मिळणारी घडीची व्हीलचेअर साधारण १८ इंची, म्हणजे ४५ सेंटिमीटर रुंद बैठकीची असते. सहा वर्षांच्या मुलाची कमर बसल्यावर २२ ते २५ सेंटिमीटर भरते. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून वीतभर जागा मोकळी. धड सावरता न येणारं मूल त्या मोकळ्या जागेत एका बाजूला कलतं. बैठकीचं रेक्झिन किंवा कॅनव्हास काही आठवड्यांत मध्ये झोळीसारखं खचतं, त्यामुळे मांड्या आत वळतात, गुडघ्यावर गुडघा येतो आणि कमरेची एक बाजू खाली, एक वर होते. बैठकीची खोली मोठ्या माणसाच्या मांडीची, ४० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त. मुलाची मांडी त्याहून पुष्कळ आखूड. पाठ टेकवली तर गुडघे वाकत नाहीत, म्हणून मूल पुढे घसरून बसतं आणि सगळा भार माकडहाडावर येतो. पाय फुटरेस्टपर्यंत पोचत नाहीत. लोंबणाऱ्या पायांचं वजन कमरेला आणखी पुढे ओढतं. चाक फिरवायला हात पोचावेत तर आर्मरेस्ट आणि चाक दोन्ही काखेच्या उंचीला असतात. ज्या मुलीचे हात चांगले आहेत तिलाही मग कुणीतरी ढकलावं लागतं आणि तिला खुर्ची ‘चालवता येत नाही’ असा शेरा पडतो.

हे सगळं गैरसोयीपुरतं असतं तर एवढा लेख लिहायची गरज नव्हती. वाढत्या शरीराला जसं बसवावं तसं ते घडतं. रोज पाच-सहा तास एका बाजूला कललेलं मूल दोन-तीन वर्षांत असं होतं की त्याला हाताने सरळ केलं तरी ते सरळ होत नाही. आधी लवचिक असलेली ढब पक्की होते. कणा वाकला की फुप्फुसाला जागा कमी पडते. मांड्या सतत आत आणि एका दिशेला वळलेल्या राहिल्या तर खुबा निखळण्याचा धोका वाढतो. स्पर्श न कळणाऱ्या मुलीला बसण्याच्या हाडांखाली जखम होते, ती आतून वाढते आणि वरून दिसेपर्यंत हाडाजवळ पोचलेली असते. अशा जखमेतून पसरलेला जंतुसंसर्ग जीव घेऊ शकतो.

दोन धोके तर आणखी जवळचे आहेत. पहिला भरवण्याचा. मोठ्या खुर्चीत घसरलेल्या मुलाची मान मागे पडते. त्या स्थितीत भरवलेला वरणभात किंवा पेज श्वासनलिकेत जाते, मुलाला वारंवार न्यूमोनिया होतो आणि घरचे म्हणतात याची छातीच कमजोर आहे. कंबर मागे टेकलेली, धड सरळ, हनुवटी किंचित खाली, एवढं जमलं तरी भरवणं पुष्कळ सुरक्षित होतं. दुसरा धोका पट्ट्याचा. मूल पुढे घसरतं म्हणून घरचे छातीवरून ओढणी किंवा पट्टा बांधतात. कमरेला पट्टा नसेल तर मूल खाली घसरत राहतं आणि छातीचा पट्टा गळ्यापर्यंत येतो. म्हणून कमरेचा पट्टा आधी, छातीचा नंतर आणि कमरेच्या पट्ट्याशिवाय छातीचा कधीच नाही, हा नियम प्रत्येक घरात सांगून, करून दाखवून यायला हवा. कमरेचा पट्टा पोटावरून आडवा घालायचा नसतो. बैठकीशी ४५ ते ६० अंशांचा कोन करत तो मांडी आणि कमरेच्या घडीत बसला पाहिजे.

‘काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद आहे आणि तो वाईट हेतूने केला जातो असं आम्ही म्हणत नाही. वीस-पंचवीस किलोचं मूल कडेवर घेऊन रोज पाण्यापासून शाळेपर्यंत फिरणाऱ्या आईला चाकं असलेली कुठलीही वस्तू मदतच वाटते. पाय अधू पण धड, मान आणि संवेदना शाबूत असलेल्या मुलाच्या बाबतीत तो युक्तिवाद काही काळ चालतोही, खुर्ची निदान मापाजवळची असेल तर. पण धड न सावरणाऱ्या आणि स्पर्श न कळणाऱ्या मुलांना तो लागू पडत नाही. त्यांच्यासाठी ‘काहीतरी’ म्हणजे नवी इजा. शिवाय एकदा खुर्ची मिळाल्याची नोंद झाली की पुढची खुर्ची मागण्याचा मार्ग काही काळ बंद होतो. दिव्यांगांना साधनांसाठी मदत देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत, जी १९८१ पासून चालू आहे, एकाच कारणासाठी तीन वर्षांत (बारा वर्षांखालच्या मुलांना एका वर्षात) पुन्हा मदत मिळत नाही. चुकीच्या मापाची खुर्ची घरात कपडे वाळत घालायला वापरली जाते आणि कागदावर त्या मुलाची गरज भागलेली असते.

मग बरोबर काय? माप घेणं ही काही गूढ विद्या नाही, पण तिला क्रम आहे. मुलाला आधी चटईवर पाठीवर झोपवून पाहायचं: खुबा काटकोनात वाकतो का, गुडघा सरळ होतो का, मांड्या दोन्हीकडे सारख्या फाकतात का. मग कडक बाकावर बसवून हातांनी आधार द्यायचा. आधी कंबर दोन्ही बाजूंनी धरायची, मग गरज वाटली तर बरगड्यांशी हात लावायचा, मग मान. कुठे आणि किती आधार दिल्यावर मूल सरळ होतं आणि शांत राहतं, ते हातालाच कळतं. खुर्चीने पुढे तेच काम करायचं असतं. सुरुवात कंबरेपासूनच व्हायला हवी. मान खाली पडते म्हणून डोक्याला पट्टा बांधणारे पुष्कळ भेटतात, आणि कंबर सरळ केल्यावर त्यातल्या बऱ्याच मुलांची मान आपोआप वर येते.

यानंतर टेप. बसलेल्या कमरेची रुंदी म्हणजे बैठकीची रुंदी, जाड कपडे लागत असतील तर जेमतेम एक-दोन सेंटिमीटर जास्त. बसलेल्या कमरेच्या मागच्या बाजूपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतचं अंतर मोजून त्यातून तीन ते सहा सेंटिमीटर वजा केले की बैठकीची खोली मिळते. दोन्ही पाय वेगळे मोजायचे, कारण खुबा निखळलेला असेल तर एक मांडी आखूड भरते. लवणीपासून टाचेपर्यंतचं माप, नेहमीची चप्पल घालून, हे फुटरेस्टचं. बैठकीपासून बरगड्यांच्या तळापर्यंत आणि खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकापर्यंतची उंची पाठीच्या आधारासाठी: स्वतः चाकं फिरवणाऱ्या मुलीला पाठ आखूड हवी, हात मोकळे राहावेत म्हणून, धड न सावरणाऱ्याला खांद्यापर्यंत. उंचीच्या मापांत कुशनची जाडी धरायला विसरणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. पाच सेंटिमीटरचं कुशन घातलं की मूल पाच सेंटिमीटर वर जातं, आणि काळजीपूर्वक घेतलेलं फुटरेस्टचं माप वाया जातं.

खुबा काटकोनात वाकत नसेल तर त्याला जबरदस्तीने काटकोनात बसवायचं नाही, पाठ आणि बैठकीतला कोन उघडा ठेवायचा. मांडीमागचे स्नायू आखडलेले असतील तर पाय पुढे उचलून ठेवणारे फुटरेस्ट दिल्यावर कंबर लगेच पुढे घसरते. तिथे पाय बैठकीखाली थोडे मागे घ्यावे लागतात. पाय पसरून आरामात बसेल या प्रेमापोटी घरचे नेमकं उलट करतात, आणि तसं का करायचं नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

बसवून झालं की दाबाची तपासणी. मुलाच्या बसण्याच्या हाडांखाली, कुशनवर, तळहात वर करून बोटं घालायची. बोटांची टोकं पाच मिलिमीटर वर-खाली हलली तर ठीक. हलत नाहीत पण बोटं सहज निघतात, तर सावध. बोटं दाबून धरल्यासारखी अडकली, तर ते कुशन त्या मुलीला द्यायचं नाही. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, एक मिनिट लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रशिक्षणात हे शिकवलं जातं. ही तपासणी न करता स्पायना बायफिडाच्या मुलीला खुर्ची देणं आम्हाला निष्काळजीपणा वाटतो, आणि तो शब्द आम्ही विचार करून वापरतो आहोत.

‘प्रत्येक मुलाला वेगळी खुर्ची बनवायची तर ती गावात कोण बनवणार?’ हा प्रश्न योग्य आहे. त्याचं उत्तर असं की सगळी खुर्ची वेगळी बनवायची गरजच नसते. चाकं आणि सांगाडा कारखान्यातूनच यावा, दहा, बारा, चौदा इंच अशा मोजक्या मापांत. कानपूरची अलिम्को ही १९७२ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची कंपनी अशी साधनं बनवते, सीपी चेअर म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची खुर्चीही बनवते. सांगाडा स्वस्त आणि एकसारखा व्हावा यासाठी मोठा कारखाना हवाच. मुलागणिक बदलतं ते आतलं आसन, आणि ते तालुक्याच्या गावात होऊ शकतं. बारा मिलिमीटरच्या प्लायवूडची कडक बैठक आणि पाठ, म्हणजे कॅनव्हासची झोळी संपली. त्यावर खाली घट्ट रिबाँडेड फोम (तुकडे दाबून चिकटवलेला), वर मऊ फोमचा थर. बैठकीच्या फोममध्ये बसण्याच्या हाडांसाठी उथळ खळगा आणि त्याच्या पुढे किंचित उंचवटा, म्हणजे कंबर पुढे घसरत नाही. बाजूला धडाचे पॅड, मांड्या आत येत असतील तर गुडघ्यांच्या मध्ये ठोकळा. हा ठोकळा जांघेपर्यंत नेऊ नये. घसरणारं मूल अडवायला तो वापरला की जांघेत टोचतो. सुतार, वेल्डर आणि मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणारा, हे तिघे कुठल्याही तालुक्याच्या गावात आहेत. त्यांना माप आणि आकृती हाती देणारा चौथा माणूस नाही, अडचण ती आहे.

आसन वाढीसाठी जागा ठेवून बनवायला हवं. बैठकीची फळी खाचांतून पुढे सरकवून खोली पाच-सात सेंटिमीटर वाढवता येते, फुटरेस्ट खाली आणता येतात, बाजूचे पॅड स्क्रूवर बाहेर घेता येतात. एवढं केलं तर एकच खुर्ची साधारण दोन-तीन वर्षं पुरते. ‘मूल वाढणारच आहे, मोठीच देऊ’ हा विचार आणि वाढीसाठी जागा ठेवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: पहिल्यात आज मूल चुकीचं बसतं, दुसऱ्यात आजही बरोबर बसतं आणि उद्याही. कव्हरं दोन द्यावीत. लघवीने ओलं झालेलं एकमेव कव्हर धुवायला काढलं की मूल उघड्या फोमवर किंवा जमिनीवर बसतं. अगदी लहान मुलांसाठी, खुर्ची येईपर्यंतच्या काळात, पुठ्ठ्याचे थर खळीने चिकटवून कोपऱ्यात बसायचं आसन बनवता येतं. झिंबाब्वेत हे तंत्र चांगलं रुजलं. आपल्याकडे अंगणवाडीच्या पातळीवर ते का पोचू नये, याचं पटणारं कारण आम्हाला सापडलेलं नाही.

जमिनीचा विचार वेगळा करावा लागतो. दवाखान्याच्या फरशीसाठी बनवलेल्या खुर्चीचं पुढचं चाक लहान आणि अरुंद असतं. मेळघाटातल्या पाड्यावर किंवा कोकणातल्या जांभ्याच्या पाखाडीवर ते पहिल्याच दगडाला अडतं आणि मूल तोंडावर पडतं. तिथे पुढचं चाक मोठं आणि रुंद हवं, आणि ते मागच्या चाकापासून लांब. पुढे एकच चाक असलेल्या लांब सांगाड्याच्या तीनचाकी रचना यासाठीच निघाल्या. खडबडीत जमिनीवर तिन्ही चाकं टेकलेली राहतात आणि खुर्ची पुढे उलथत नाही. पण तीच खुर्ची छोट्या घरात वळत नाही आणि एसटीत चढवणं कठीण. म्हणून माप घेताना मुलाबरोबर घर आणि वाटही विचारायला हवी: उंबरा किती उंच, दार किती रुंद, शाळा किती लांब, मधे ओढा आहे का, पावसाळ्यात चिखल किती दिवस असतो. आतल्या आसनाला मागे झुकवायची सोय हवी की नको हेही तेव्हाच ठरतं. शाळेच्या जोत्याची उंची दीड फूट असेल तर एकास बाराच्या हिशेबाने अठरा फूट लांब उतार लागतो. पाच-सहा फुटांचा खडा उतार बांधून ‘रॅम्प पूर्ण’ असं लिहिलेलं आढळतं, त्यावरून मूल एकटं कधीच चढू शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये कमी साधनांच्या प्रदेशांसाठी व्हीलचेअर देण्याचे आठ टप्पे मांडले: मूल शोधून पाठवणं, तपासणी, खुर्चीची निवड, पैशाची आणि मागणीची व्यवस्था, जुळणी, बसवून पाहणं, घरच्यांना शिकवणं, देखभाल आणि फेरतपासणी. २०२३ मध्ये त्यांनी ही मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. आपल्या शिबिरांच्या रचनेत यातले पहिले चार कसेबसे होतात आणि खुर्ची हाती आली की संपतं. तपासणी शिबिर आणि वाटप शिबिर यांत कित्येकदा इतके महिने जातात की पहिल्या शिबिरातलं माप दुसऱ्यात निरुपयोगी ठरतं. धडाला आधार लागणाऱ्या एका मुलाच्या तपासणीला नीट केली तर दीड-दोन तास लागतात. शेकडो लोकांच्या रांगेत हे होणं शक्य नाही; त्यात शिबिरातल्या थेरपिस्टचा दोष नाही. प्रौढांच्या काठ्या-कुबड्यांसाठी शिबिर चालेल. आधार लागणाऱ्या मुलांना शिबिरातून बाहेर काढून दिवसाला तीन-चार अशी वेळ ठरवून द्यायला हवी.

तज्ज्ञ नाहीत, ही तक्रार अर्धीच खरी आहे. साध्या खुर्चीसाठीचं जागतिक आरोग्य संघटनेचं मूलभूत प्रशिक्षण साधारण आठवडाभराचं आहे, आधार लागणाऱ्या मुलांसाठीचं पुढचं प्रशिक्षण तितकंच. बंगळुरूची मोबिलिटी इंडिया ही संस्था अशा कामाचं प्रशिक्षण देत आली आहे. फिजिओथेरपिस्ट किंवा कॅलिपर-कृत्रिम पाय बनवणाऱ्या तंत्रज्ञाला एवढं शिकवून बरीच मुलं हाताळता येतात. कणा पक्का वाकलेली, शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल अशी मुलं मोठ्या केंद्राकडे पाठवावी लागतील, मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था त्यासाठी आहे. शिकवायची माणसंही आहेत. मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात, आणि जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रात फिजिओथेरपिस्टची जागा आहे. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तालुक्यात फिरतात. म्हणजे मुलाकडे पुन्हा पुन्हा जाणारी यंत्रणा उभी आहे, फक्त ती खुर्चीकडे बघत नाही. खुर्चीच्या पाठीला एक कार्ड लावावं: कमरेची रुंदी, मांडीची खोली, पोटरीचं माप, दिल्याची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख. पथकातल्या कुणीही टेपने तीन मापं घ्यावीत. कार्डापेक्षा दोन सेंटिमीटर फरक दिसला, कातडीवर लाली दिसली किंवा मूल घसरलेलं दिसलं तर केंद्राला कळवावं. यासाठी नवं पद लागत नाही.

नियमांतली एक गोष्ट बदलायलाच हवी. एडिपमध्ये तीन वर्षांची अट बारा वर्षांखालच्या मुलांसाठी एक वर्षावर आणली आहे. ती सवलत चांगली आहे आणि पुष्कळ पालकांना माहीतच नसते. पण बाराव्या वर्षी ती संपते, आणि नेमकं तेव्हाच शरीर झपाट्याने वाढायला लागतं. वयात येण्याच्या काळात कण्याचा बाक सगळ्यांत वेगाने वाढतो. ड्युशेनचा मुलगा त्याच सुमारास खुर्चीवर येतो. बारा ते पंधरा या वयात तीन वर्षं जुन्या मापाच्या खुर्चीत मुलाला ठेवणं वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे. एक वर्षाची सवलत अठरा वर्षांपर्यंत न्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १७ मध्ये लक्षणीय (४० टक्के किंवा अधिक) दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत योग्य सहायक साधनं मोफत देण्याची जबाबदारी सरकारवर टाकलीच आहे. योजनेची वयोमर्यादा कायद्याशी जुळवायला नवा कायदा करावा लागणार नाही. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याचं कलम २० हालचालीच्या साधनांबरोबर ती वापरण्याचं प्रशिक्षणही मागतं.

पैसे देण्याची पद्धत हा आमच्या मते सगळ्या गोष्टींचा गाभा आहे. खुर्ची ट्रकमधून उतरल्यावर बिल मंजूर होत असेल तर पुरवठादाराचं लक्ष ट्रकवरच राहणार. रक्कम तीन भागांत द्यावी. मोठा भाग खुर्ची पोचल्यावर. दुसरा, मूल बसवून पाहिल्यावर, समोरून आणि बाजूने काढलेला फोटो आणि मापांचं कार्ड जोडून. तिसरा सहा महिन्यांच्या फेरतपासणीनंतर, तीही पुरवठादाराने केलेली नव्हे, जिल्हा केंद्राने केलेली. यावर एक आक्षेप येईल: अशाने खुर्ची महाग होईल आणि तितक्याच पैशात कमी मुलांना मिळेल. होईल, काही प्रमाणात. पण आज बिनवापर पडलेल्या खुर्च्यांवर गेलेला पैसा कुणाच्याच हिशेबात धरला जात नाही. तो धरला तर जपून, मोजून दिलेली खुर्ची महाग ठरत नाही. डिसेंबर २०२२ पासून महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग आहे. निविदेतली पैसे देण्याची अट बदलणं त्याच्या आवाक्यातलं काम आहे.

उरली दुरुस्ती. बाभळीच्या काट्याने पंक्चर होणार हे गृहीत धरून मागच्या चाकाला सायकलच्या दुकानात मिळणाऱ्या मापाचेच टायर-ट्यूब हवेत. परदेशातून दान आलेल्या खुर्च्या इथेच मार खातात. ट्यूब मिळत नाही म्हणून चांगली खुर्ची कायमची पडून राहते. पुढच्या चाकाचं बेअरिंग चिखल-पाण्याने एका पावसाळ्यात जाम होऊ शकतं. ते बाजारात सहज मिळणारं असावं, आणि जादा दोन खुर्चीसोबतच द्यावीत. आठवड्यातून एकदा चिखल धुणं, हवा अंगठ्याने दाबून बघणं (पाच मिलिमीटरपेक्षा जास्त दबली तर भरायची), महिन्यातून एकदा नट आवळणं आणि ब्रेक तपासणं: टायर सैल असला की ब्रेकही धरत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फोम वर्षभरात बसला की बदलावा लागतो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. तो किरकोळ रकमांत वाटून टाकण्याऐवजी त्यातला काही भाग गावातल्या खुर्च्यांचे टायर, फोम, उंबऱ्याचा उतार यांसाठी ठरावाने बांधून घेता येतो, आणि ग्रामसभेत हा विषय कुठलाही पालक मांडू शकतो.

आणि नियम बदलेपर्यंत पालकांनी शिबिरात पोचपावतीवर सही करण्याआधी मुलाला खुर्चीत बसवूनच घ्यावं. कमरेच्या दोन्ही बाजूंना तळहात उभा घालून बघावा. तळहात सैल फिरत असेल तर खुर्ची मोठी आहे. गुडघ्याची लवण आणि बैठकीची कड यांच्यात दोन-तीन बोटं राहिली पाहिजेत. तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत. कमरेचा पट्टा आहे का, दुसरं कव्हर आहे का, पुढच्या तपासणीची तारीख आणि फोन कुणाचा, हे विचारावं आणि लिहून घ्यावं. माप बसत नसेल तर ‘मापाची नाही, बदलून हवी’ असं पावतीवरच लिहावं आणि तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. ‘मिळाली’ असा नुसता शेरा राहिला तर पुढची खुर्ची मागताना तोच कागद मुलाच्या आड येतो.